तळाशी काय चाललंय?

समुद्रकाठी उभं राहून समुद्राकडे अजिबात न बघणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो माझ्या मावशीचा धाकटा दीर आहे. योकोहामाच्या धक्क्यावर संध्याकाळी लोक कठड्याला टेकून उभे असतात, जहाजांचे दिवे लागतात, पाण्यावर नारिंगी पट्टे हलत राहतात, जोडपी एकमेकांचे फोटो काढतात. आणि काका या सगळ्याकडे पाठ करून, डोळे मिटून, बुटाच्या टाचेने धक्क्याचं सिमेंट हलकेच ठोकत उभे असायचे. "वरचे हे नुसते नखरे गो," ते म्हणायचे. "लाटा म्हणजे समुद्राचे चारचौघांत घालायचे कपडे. घरात तो कसा वागतो ते बघायचं असेल तर तळाशी जायला हवं." त्यांच्या मते समुद्रात जे काही महत्त्वाचं घडतं ते तळाच्या एका वितीत घडतं. भरती-ओहोटीचं पाणी वर कितीही ऐटीत धावू दे, जमिनीला टेकलं की त्याला अडखळावंच लागतं. त्या अडखळण्यातून ज्या गिरक्या उठतात, जे लहान लहान भोवरे सुटतात, त्यांच्यावर गाळ कुठे बसणार, बी कुठे रुजणार, शिंपला कुठे तोंड उघडणार हे सगळं ठरतं. त्या एका वितीपायी काका तरुणपणी कोकणातून जपानला आले आणि इथेच राहिले. लग्न केलं नाही. मावशीच्या सासरी असं म्हणत की धाकट्याला मुली दाखवायला नेलं तर तो मुलीकडे न बघता पोह्यांच्या बशीत तळाला काय उरलंय ते बघत बसायचा.

मी पुण्याहून पीएचडीसाठी योकोहामाला आले ती योगायोगाने काकांच्याच समुद्रविज्ञान विभागात. निघताना मावशीने सांगितलं होतं, "भावोजी आहेत तिथे, काळजी नको. फक्त ते जमिनीवर पडलेले दिसले तर घाबरू नकोस." मला वाटलं, थट्टा करतेय. पण त्याच वर्षी दिवाळीला टोकियोत हिगाशी-कसाईतल्या एका मराठी कुटुंबाच्या फ्लॅटवर आम्ही दोघं फराळाला गेलो. यजमान बँकेत, त्यांच्या पत्नीने चिवड्यापासून अनारशांपर्यंत सगळं घरी केलेलं, पंधरा-वीस माणसं. बोलता बोलता काका दिसेनासे झाले. शोधलं तर देवासमोरच्या उदबत्तीजवळ ते गालाखाली हात घेऊन सरळ जमिनीवर आडवे झालेले. खाली उतरलेला धूर दाराच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्याबरोबर कसा सरपटतो आणि सतरंजीच्या काठाला कुठे ठेचकाळतो, ते त्यांना बघायचं होतं. यजमानांचा सहा वर्षांचा मुलगा आला, त्याने वाकून पाहिलं आणि आईला शांतपणे जपानीत विचारलं, "काका मेले का?" वहिनी ओशाळल्या. काका पडल्या पडल्याच त्याला म्हणाले, "नाही रे बाबा. ये, तूही ये." आणि थोड्या वेळाने ते पोरही त्यांच्याशेजारी गाल टेकून पडलेलं. "भावजी, चकली वर आहे हो," वहिनींनी हाक मारली. "असू दे वहिनी," खालून आवाज आला, "मजा खाली आहे."

चहाचा कप त्यांच्या हातात दिला की तो गारच व्हायचा. ते ढवळायचे, चमचा काढायचे आणि पावडरीचे कण तळाच्या मध्यावर गोळा होईपर्यंत टक लावून बसायचे. रोजच गोळा होतात, पण त्यांना रोज आनंद व्हायचा. त्यांची भेटीची वेळ तारखेने ठरत नसे, तिथीने ठरे. अमावास्या-पौर्णिमेचं जोरकस पाणी म्हणजे उधाण, आणि अष्टमीच्या सुमाराचं आळसावलेलं पाणी म्हणजे भांग, हे शब्द मला पुण्यात कोणी शिकवले नाहीत, जपानमध्ये काकांनी शिकवले. टर्ब्युलन्सला ते 'खळबळ' म्हणत. उधाणाला ते कामात असत, भांगाला मोकळे. त्यामुळे विभागाच्या सेक्रेटरीबाई त्यांच्या खोलीत डोकावून अगदी अदबीने विचारत, "क्यो वा आष्टमी देस का?" म्हणजे, आज अष्टमी आहे का. असली तरच त्या सह्यांचे कागद पुढे करीत.

आणि ते "कशी आहेस?" असं कधीच विचारत नसत. जिन्यात, कँटीनच्या रांगेत, कुठेही भेटले की एकच प्रश्न: "तळाशी काय चाललंय?" हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत, पण जपानी सहकारी हसून यंत्राचं वगैरे काही सांगत, मला मात्र उत्तर सुचत नसे. मी मुळात कमी बोलणारी. वर्गात हात वर करायच्या आधी मनात वाक्य तीनदा तपासणारी. मी दर वेळी म्हणायचे, "काही नाही, काका." ते मान हलवायचे. "काही नाही असं कुठल्याच तळाशी नसतं," असं स्वतःशीच म्हणत पुढे जायचे.

माझं खरं शिक्षण मात्र योकोहामा स्टेशनवर झालं. एका सकाळी त्यांनी मला तिथल्या एका जाड खांबाजवळ उभं केलं. ऑफिसला निघालेली माणसं लोंढ्याने येत होती आणि खांबाला वळसा घालून जात होती. "लोंढा बघू नकोस. खांबामागे बघ." मी बघितलं. खांबाच्या पलीकडे, लोंढ्याच्या आडोशाला, माणसं घुटमळत होती. कोणी फोन काढत होतं, कोणी पिशवी खांद्यावर नीट घेत होतं, आणि मग एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पुन्हा प्रवाहात शिरत होतं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, जणू कोणी ताल धरलाय. "वाहत्या पाण्यात काहीही उभं केलंस," काका म्हणाले, "की त्याच्या मागे हे असं होणारच. आणि संध्याकाळी ये. लोंढा उलटा फिरलेला असेल आणि हे घुटमळणं खांबाच्या या बाजूला आलेलं असेल." संध्याकाळी आम्ही खरोखरच पुन्हा गेलो. ते खरं होतं. स्टेशनच्या माणसाने नम्रपणे येऊन आम्ही हरवलोय का असं विचारलं. काका म्हणाले, "नाही, आम्ही इथलेच."

त्सुनामीला दोन वर्षं झाल्यानंतरच्या जपानी उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, काकांना ईशान्य जपानमधल्या तोहोकूच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा खाडीतून बोलावणं आलं. तिथे एक म्हातारं जोडपं कालवांची शेती करायचं. त्यांना आम्ही आपसात आजी-आजोबाच म्हणायचो. त्यांचं घर पाण्याने नेलं होतं, तराफे नेले होते, आणि घरासमोरच्या उथळ पाण्यातलं गवतही मुळासकट उपटून नेलं होतं. अमामो म्हणतात त्या गवताला. हिरव्या फितींसारखी लांब पानं, पाण्याखाली उभी कुरणंच्या कुरणं. लहान मासे त्यातच वाढतात. तराफे पुन्हा बांधता आले. पण गवत गेल्यापासून ती खाडी मुकी झालीय, असं आजी म्हणायच्या. ओहोटीला पानांची टोकं पाण्यावर आडवी पडायची आणि सकाळी त्यांतून माशांची टपटप ऐकू यायची, ती त्यांना ऐकू येईनाशी झाली होती. त्या दोघांनी शेजारच्या खाडीतून खपून बी गोळा केलं होतं. जिऱ्याएवढं, काळपट, जरा फुगीर. शरदात पेरायचं, आणि ते पुढच्या वर्षापर्यंत टिकत नाही. त्यांचा प्रश्न साधा होता: आमच्या घरासमोर पेरलं तर ते तळाशी राहील, की पाणी ते उचलून नेईल? राहणार नसेल तर मच्छीमार संस्था ते बी दुसऱ्या खाडीला देणार होती. तिथे रुजलं असतं. पण ते आजींच्या दारातलं नसतं.

म्हणजे प्रश्न नेमका काकांच्या वितीतला होता. आम्ही त्यांची तिपाई घेऊन निघालो. तिपाई म्हणजे तीन लोखंडी पाय आणि मधोमध खाली तोंड करून बसवलेलं एक यंत्र. ते आवाजाचे बारीक ठोके सोडून तळालगतच्या पाण्याची खळबळ मोजतं. ती महिनाभर तळाशी ठेवायची, म्हणजे उधाण, भांग सगळं सापडतं. शिनकानसेन बुलेट ट्रेनमध्ये काकांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. ती ते वर ठेवीनात, खाली ठेवीनात. आत शेंडी राखलेला नारळ होता, हिगाशी-कसाईच्या भारतीय दुकानातून आणलेला. त्या आठवड्यात नारळी पौर्णिमा होती.

"काका, तुम्ही देव मानत नाही ना?" मी विचारलं.

"देवाचा काय संबंध गो? ओळखपाळख नसताना एखाद्याच्या घरात लोखंड नेऊन ठेवायचं, तर काहीतरी हातात घेऊन जायला नको?"

हे त्यांनी होडीवर आजोबांनाही जपानीत समजावून सांगितलं, आणि भेटवस्तू घेऊन जाण्याचा भाग आजोबांना तत्काळ पटला. पण काकांनी नारळ पाण्यात सोडायला हात उचलला तसा आजोबांनी तो हात धरला. "सेन्सेई, माफ करा," ते म्हणाले. "दोन वर्षं आम्ही या खाडीतून वस्तू बाहेर काढतोय. गाड्या, पायऱ्या, लोकांची भांडी. आता इथे कोणीच काही टाकत नाही."

काकांनी नारळ छातीशी घेतला. मग पिशवीतून दोरी काढली, शेंडीखाली गच्च फास घातला आणि दुसरं टोक तिपाईच्या एका पायाला बांधलं. "हा टाकणार नाही. पाहुणा म्हणून जाईल, पाहुणा म्हणून परत येईल." आजोबांनी जरा विचार केला आणि वाकून होकार दिला. मग पाणी थांबायची वाट बघायची होती. ओहोटी संपते आणि भरती सुरू व्हायची असते, त्यामधल्या त्या थोड्या वेळात काकांच्या होडीवर कोणी बोलायचं नाही, असा नियम होता. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. दोर ढिले पडले. पाण्यावर तरंगणारी काडी होती तिथेच राहिली. त्या शांततेत तिपाई खाली गेली, आणि मागोमाग, दोरीला ओढत, जरा अनिच्छेनेच, नारळ.

महिन्याने तिपाई वर आली तेव्हा नारळही आला, अंगावर हिरवट शेवाळ, शेंडीत दोन-चार कोवळे शिंपले. काका हरखले. त्यांनी तो होडीच्या लोखंडी कडेवर फोडला. आत पाणी गोडच होतं. आजोबांनी, आजींनी, मी, सगळ्यांनी खोबरं खाल्लं. आजी तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "ओइशी." छान आहे.

त्यानंतरचा महिना हा काकांच्या आयुष्यातला बहुधा सर्वांत सुखाचा. यंत्राने काहीतरी विलक्षण आणलं होतं. दर ओहोटीला, पाणी समुद्राकडे निघालं की, तळाच्या खळबळीत एक ठोका सुरू व्हायचा, आणि पाण्याचा जोर वाढेल तसा जलद व्हायचा. इकडे, तिकडे, इकडे, तिकडे. असं त्यांनी कुठल्याच समुद्राच्या तळाशी पाहिलं नव्हतं. "खाडी श्वास घेतेय गो," ते म्हणाले, आणि ते इतक्या हळू आवाजात म्हणाले की मीही श्वास रोखला. विभागात त्यांनी त्यावर व्याख्यान दिलं. एरवी डोळे मिटून बसणारे ज्येष्ठ प्राध्यापकही उठून जवळ आले. मार्चमध्ये काकांच्या नेमणुकीची मुदत संपत होती, ती आता नक्की वाढणार असं सेक्रेटरीबाईंनी मला कानात सांगितलं. मला रात्री स्वप्नात ती खाडी दिसायची, निळसर, छाती वर-खाली होणारी, झोपलेल्या जनावरासारखी.

पण एवढी खळबळ म्हणजे तिथे बी ठरणार नाही. ते सांगायला काका स्वतः तोहोकूला गेले, मी सोबत होते. तात्पुरत्या घरांच्या रांगेतल्या त्यांच्या छोट्या खोलीत आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि वाकून म्हणाले, "असं आहे तर." आजींनी आमच्या कपांत चहा ओतला, आणि पहिल्यांदाच काकांनी कपाच्या तळाकडे बघितलं नाही. बी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या खाडीला जाणार असं ठरलं.

परतल्यावर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी मी योकोहामा स्टेशनात त्या खांबाजवळ आले. लोंढा घरी निघाला होता. खांबाच्या अलीकडच्या बाजूला माणसं घुटमळत होती, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून प्रवाहात शिरत होती. सकाळी हे पलीकडे असतं, मी सवयीने मनात म्हटलं. आणि थांबले. माझ्यामागून येणारे एक गृहस्थ मला धडकून "सुमिमासेन", माफ करा, असं म्हणाले. खाडीचा श्वास फक्त ओहोटीला चालतो. भरतीला नाही. का नाही? भरतीला खाडी काय श्वास रोखून धरते?

हे काकांना सांगायचं म्हणजे काय, ते मला कळत होतं. मी ते वाक्य तीनदा नाही, तेरा वेळा तपासलं असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या खोलीत गेले. ते नेहमीप्रमाणे जमिनीवर पडून छताकडे बघत होते.

"तळाशी काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"काका," मी म्हणाले, "नारळ कुठल्या पायाला बांधला होता?"

"किनाऱ्याकडच्या. का गो?"

"श्वास फक्त ओहोटीलाच चालतो," एवढंच मी म्हणाले. बाहेर झाडू मारल्याचा आवाज येत होता. किनाऱ्याकडचा पाय, म्हणजे ओहोटीचं पाणी आधी नारळाला लागणार, नारळामागे भोवरे सुटणार, आणि त्यांच्या वाटेत यंत्राचं तोंड. भरतीला यंत्र आधी, नारळ मागे. काकांचा चेहरा हळूहळू पांढरा झाला, मग लाल झाला, आणि मग त्यांचं पोट हलायला लागलं. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. "अगं, खाडीचा श्वास कसला," ते हुंदक्यासारखे हसत म्हणाले, "माझ्याच नारळाची शेंडी ती! आणि पुरावा आपण खाल्ला गो, पुरावा आपण सगळ्यांनी मिळून खाल्ला!"

मग ते उठून बसले आणि हसू ओसरलं. "भरतीचे आकडे काढ," ते म्हणाले. भरतीचा तळ शांत होता, उधाणातसुद्धा. तिथली ओहोटी मुळात भरतीपेक्षा सौम्य, म्हणजे नारळ नसता तर तिचाही तळ शांतच. बी तिथे सुखाने राहिलं असतं. काका जाकीट चढवायला लागले. "बी अजून आहे का विचार. फोन कर. नाही, थांब, मी करतो. नाही, सगळं फोनवर नको, आधी नुसतं बी थांबवू दे." आजोबांना त्यांनी एवढंच सांगितलं की देऊ नका, मी येतोय. मग पंधरा मिनिटं विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बाहेर आले तेव्हा त्यांनी भिंतीवरचा व्याख्यानाचा कागद स्वतःच्या हाताने काढला आणि नीट घडी करून कागदांच्या कचऱ्यात टाकला, पिना वेगळ्या काढून.

आजी-आजोबांच्या त्या छोट्या खोलीत काका ततामीच्या चटईवर कपाळ टेकवून वाकले. सगळं सांगितलं, खांब, पाय, शेंडी. मग आजींनी हळूच विचारलं, "म्हणजे ते... आपण खाल्लं ते?"

"हो," काका जमिनीकडे बघत म्हणाले.

आजींनी तोंडावर हात ठेवला. खांदे हलायला लागले. आजोबांनी त्यांच्याकडे रागाने बघायचा प्रयत्न केला आणि तेही हसले. "सेन्सेई, उठा," आजोबा म्हणाले, "जमिनीवर काही दिसतंय का तुम्हाला अजून?" बी फ्रीजमध्येच होतं, लोणच्याच्या डब्याशेजारी, समुद्राच्या पाण्यात.

नोव्हेंबरमध्ये ते पेरलं, पाणी थांबलेलं असताना. पाणबुडे खाली गेले, आजी होडीच्या टोकाशी बसल्या, आणि नियमाप्रमाणे कोणी बोललं नाही. त्या वेळी मी काकांकडे बघितलं. ते पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून समुद्राकडे बघत होते.

मार्चमध्ये त्यांची मुदत वाढली नाही. नारळामुळे की आणखी कशामुळे, कोणी सांगितलं नाही. इथे असं सांगत नाहीत. रोपं वर यायच्या आत ते कोकणात आपल्या खाडीकाठच्या घरी परत गेले. जाताना सेक्रेटरीबाईंना भिंतीवरचं मराठी कॅलेंडर देऊन गेले. त्या अजून अष्टमीवर बोट ठेवून बघतात, आणि मग आठवतं, खोली रिकामी आहे.

मे महिन्यात मी एकटीच तोहोकूला गेले. आजींच्या खिडकीत अर्धी करवंटी होती, तिच्यात साबण. त्यांनी मला हाताला धरून धक्क्यावर नेलं. ओहोटीच्या पाण्यावर हिरव्या फितींची टोकं आडवी पडली होती, फार नाहीत, विरळच, सगळी समुद्राकडे तोंड करून. मी काकांना फोन लावला आणि कॅमेरा पाण्याकडे वळवला.

"वरचं नको दाखवू," ते लगेच म्हणाले. "फोन खाली ठेव. धक्क्यावर. पाणी थांबलंय का?"

"थांबेल आता."

मी फोन सिमेंटवर ठेवला आणि शेजारी बसले. पाणी मंदावलं. पानांवरची ओढ सुटली आणि ती एकेक करून पाण्यात सैल झाली, उभी राहिली, कुठेच कलेनात. कोकणातून कोंबड्याचा बारीक आवाज आला आणि गेला. आम्ही कोणीच बोललो नाही. मग आजींनी माझ्या गुडघ्यावर बोट टेकवलं. पानांमध्ये कुठेतरी टप् झालं. पुन्हा टप्.

फोनमधून बऱ्याच वेळाने, हळू आवाजात, तोच प्रश्न आला.

"हलतंय, काका," मी म्हणाले. आणि मग थांबलेच नाही. पानं कुठल्या बाजूला वळतायत, आजी कशा बसल्यात, योकोहामाच्या खांबाशी मी अजून कशी थांबते, मला किती एकटं वाटतं, सगळं सांगत गेले. पानं आता किनाऱ्याकडे कलत होती. पलीकडे काका ऐकत होते. मला खात्री आहे, अंगणात गाल टेकून, आडवे पडून.